दुसऱ्या ओळीपासून

घोडबंदर रोड, ठाणे
बुधवार, ५ फेब्रुवारी २०२५

शेवंतीबायला सप्रेम नमस्कार.

तू कशी आहेस? मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, साखर थोडी वर आहे, पण बाविसाव्या मजल्यावर लिफ्ट असल्यामुळे भागतं. ऋतुराज आणि सून समृद्धी सकाळी साडेआठला बाहेर पडतात ते रात्री येतात, त्यामुळे भांडायलाही कुणी नसतं. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. तुला कुणाकडून कळलं असेल तर असेल, मी कळवलं नव्हतं.

घराचा नंबर तोच असेल असं धरून पत्ता घालते आहे. फोन करता आला असता असं तू म्हणशील. फोनवर माणूस मध्येच बोलतं, आणि मला आधी माझं सगळं म्हणून घ्यायचं आहे.

विषय रविवारच्या त्या कार्यक्रमाचा. एकतीस वर्षं कोर्टात स्टेनो म्हणून लोकांच्या तक्रारी टाइप केल्या, आता एक माझी स्वतःची. आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने 'पायी पायी जुनं ठाणे' अशी फेरी ठरवली होती. अठरा म्हातारे, प्रत्येकाच्या डोक्यावर पांढरी टोपी आणि छातीवर नावाचं गोल स्टिकर, बालवाडीची सहल असते तसं. सकाळी सातला तलावपाळीवर उतरवलं. माहिती सांगायला सुमित म्हणून एक आर्किटेक्ट होता, दाढीवाला, गळ्याशी माइक आणि कमरेला डबा. त्या डब्यातून त्याचा आवाज येई. म्हणजे माणूस समोर आणि आवाज पोटातून.

मुलगा अभ्यासू आहे, नाही असं नाही. तारखा पाठ आहेत. पण कोपिनेश्वराच्या देवळापासून जांभळी नाक्यापर्यंत त्याने जे काही दाखवलं ते सगळं 'अजून टिकून आहे' एवढंच. ही खिडकी अजून टिकून आहे, हा ओटा अजून टिकून आहे. एका गल्लीत त्याने आम्हाला थांबवलं आणि वरच्या मजल्याचा लाकडी कठडा बघायला सांगितला. तिथे एक बाई कपडे वाळत घालत होती. खाली अठरा माना वर झालेल्या बघून ती ओला परकर हातात धरून तशीच आत गेली. आमच्यातल्या एका निवृत्त बँक मॅनेजरने त्या कठड्याचा फोटो काढला आणि म्हणाला, किती शांत आयुष्य आहे ना इथे. मी त्याला सांगितलं, की ती बाई आपण जायची वाट बघते आहे, म्हणून शांतता आहे.

मग स्टेशनच्या बाजूला. पहिली आगगाडी, सोळा एप्रिल अठराशे त्रेपन्न, एकवीस तोफांची सलामी. रुळांनी कोळीवाड्याचे दोन तुकडे केले, हे त्याच्या डब्यातून आलं नाही. आई रुळांपलीकडच्या नातेवाइकांना 'पल्याडची' म्हणायची, जणू मध्ये खाडी आहे.

आणि तिथून कोळीवाड्यात. एका भिंतीला जाळं टांगलेलं होतं, त्याला तो म्हणाला, किती सुंदर सजवलंय बघा. अरे बाबा, ते फाटलंय, शिवायला टांगलंय. सुका जवळा म्हणजे विकून उरलेली मासळी, असंही त्याने सांगितलं. तेव्हा मात्र माझ्याने राहवलं नाही. मी सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, की जवळा वाळवायचा म्हणूनच आणतात, उरलेला नव्हे. त्याने नम्रपणे मान्य केलं. इंग्रजी मात्र भयंकर आहे त्याचं, ते मी सुधारलं नाही, किती सुधारणार?

शेवटचा थांबा तुमच्या अंगणात निघेल, याची मला काय कल्पना.

तुझा कार्यक्रम चांगला झाला. आवाज अजून ठणठणीत आहे. मला प्लास्टिकची खुर्ची दिलीस त्याबद्दल आभार, खाली चटईवर बसले असते तर उठवायला चार जण लागले असते. सगळ्यांना गाणं आवडलं. तक्रार एवढीच, की अशा गोष्टींचा लोकांपुढे खेळ करू नये. आईला ते चाललं नसतं. मोठी तू आहेस, तुला सांगणारी मी कोण, तरी राहवलं नाही म्हणून लिहिलं.

तुझ्या देवेशला आणि ऋतिकाला आशीर्वाद. प्रकृतीस जपावे.

विनिता


मंगळवार, ११ फेब्रुवारी

बाय,

वरचं पत्र पाकिटात घालून पाकीट चिकटवलं होतं. काल फाडून पुन्हा वाचलं. साक्षीदाराने असा जबाब दिला असता तर आमच्या कोर्टातल्या कुठल्याही वकिलाने त्याला दहा मिनिटांत सोलून ठेवलं असतं. ते पत्र तसंच राहू दे, तेही वाच. हे त्याच्या पाठीमागे लिहिते आहे.

मला कल्पना होती. मंडळाच्या पत्रकावर छापलेलं होतं, 'सांगता : चेंदणी कोळीवाड्यातील धवलारीण शेवंतीबाई यांचे धवले'. ते वाचून मी नाव दिलं. त्या आधीच्या तीन फेऱ्यांना, लोणावळ्याला आणि कुठे कुठे, मी गुडघ्यांचं कारण सांगून घरी बसले होते. या वेळी गुडघ्यांचं नावही काढलं नाही.

कोर्टातून कोळीवाडा चालत किती लांब होता हे तुला माहीत आहे. एकतीस वर्षांत मी किती वेळा आले? आईच्या तेराव्याला आले ती शेवटची, त्याला सव्वीस वर्षं झाली. हे लिहिताना मला काही वाटत नाही असं समजू नकोस, पण रडून दाखवायची सवय मोडली आहे.

जवळ्याबद्दल सुमितला मी बोलले, त्यानंतरचं वर लिहिलं नाही. त्याने मला विचारलं, "मॅडम, तुम्ही इथल्याच का?" मी म्हटलं, नाही, वाचनात आलं होतं. बरोबरचे सगळे कौतुकाने बघायला लागले, यांचं वाचन केवढं. बाबांच्या, नाथा कोळ्याच्या घराचा कोपरा तिथून दहा पावलांवर दिसत होता. गच्चीवर तुम्ही निळा पत्रा टाकला आहे.

मग तुझं अंगण. तू आईचं हिरवं लुगडं नेसली होतीस, आईच्या पद्धतीने, आणि चटईवर बसली होतीस. सुमितने सगळ्यांना समजावलं, की धवलारीण म्हणजे लग्नाच्या मांडवात नवरा-नवरीची नावं घेऊन धवले गाणारी, देवांना आणि पूर्वजांना लग्नाला बोलावणारी बाई. ही गाणी कुठे लिहिलेली नाहीत, आईकडून लेकीकडे येतात. शेवंतीताईंच्या आई रखमाबाई यांना पंचक्रोशीतून बोलावणी असत. मी टोपी खाली ओढून हे ऐकत होते, आपल्या आईबद्दल, पोटातल्या डब्यातून.

तू एकेकाला बघत होतीस. माझ्यापाशी आलीस, छातीवरचं स्टिकर बोटाने धरलंस आणि आपण पाटीवर वाचायचो तसं सावकाश वाचलंस. वि. नि. ता. मग म्हणालीस, "बसा मॅडम. खुर्ची घ्या. खाली बसाची सवय नसंल."

मी बसले.

तू ओळखलंस की नाही, हे मला तेव्हा नक्की कळलं नव्हतं. तू गायला लागलीस तेव्हा कळलं.

आता माझ्या लग्नाचं लिहायला हवं. तुला सगळं माहीत आहे. पण मी ते कधी तोंडाने म्हटलेलं नाही, म्हणून लिहिते. आई कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात मासळी द्यायला जायची. तिथल्या एका सिस्टरने एका मुलीला शाळेत घेते म्हणून सांगितलं, एकीलाच. तू आठ वर्षांची होतीस, टोपली उचलायला शिकली होतीस, म्हणून मी गेले. माझे बूट तुझ्या टोपलीतून आले. त्या शाळेत माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही, वास येतो म्हणून. मी घरी येऊन साबण लावून लावून हात घासायचे, आणि तू हसायचीस, म्हणायचीस, गोरी नाय होणार गो. त्या हसण्याचा मला राग यायचा. मुलींचा यायला हवा होता, तो तुझा यायचा.

१९८१ साली डोंबिवलीच्या त्या हॉलमध्ये माझं लग्न लागलं. तिकडची माणसं पांढरपेशी, नीटनेटकी, कुणी काही वाईट बोललं नव्हतं. मीच आधी येऊन आईला सांगितलं होतं, की तू यायचं, पण गायचं नाही, नुसतं बसायचं. तिला सहावारी घेऊन दिली, ती तिला नेसता येईना, तूच नेसवलीस. तिने आख्ख्या ठाण्याच्या पोरींची लग्नं लावली आणि पोटच्या पोरीच्या लग्नात तिसऱ्या रांगेत पर्स धरून बसली. पर्सही मीच घेऊन दिली होती.

आई गप्प बसली. तू नाही बसलीस. मी हॉलमध्ये आले आणि तू उभी राहून पहिली ओळ म्हटलीस. एकच. सगळ्या माना वळल्या. मी तुझ्याकडे बघितलं. मी कसं बघितलं असेल ते मला माहीत नाही, पण तू जिथे होतीस तिथे थांबलीस, शब्द पुरा झाला आणि तोंड मिटलं. मग कुणीतरी सनईची टेप लावली. लग्नानंतर नाव बदललं, आवडाची विनिता झाले. आवडा म्हणणारं त्यानंतर माझ्या आयुष्यात कुणी उरलं नाही, तेव्हा मला ते बरं वाटलं होतं.

रविवारी तू डोळे मिटून सुरुवात केलीस, आणि पहिली ओळ म्हटलीच नाहीस.

सुमितला काय कळणार, त्याने रेकॉर्डिंग चालू केलं. तू दुसऱ्या ओळीपासून उचललंस. जिथे तुला थांबवलं होतं त्याच्या पुढच्या श्वासापासून. आणि नावाची जागा आली तेव्हा तू 'नाथाचे घरची लेक गो आवडा, पाटावं बसली' असं म्हटलंस. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी हळूच विचारलं, आवडा कोण हो? मी म्हटलं, असेल कुणीतरी, गाण्यात नाव लागतं. बाय, चव्वेचाळीस वर्षांनी तू माझं लग्न लावत होतीस आणि मी टोपी घालून प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन.

तू सगळं म्हटलंस. खाडीला बोलावलंस, कोपिनेश्वराला बोलावलंस, बाबांना नाव घेऊन बोलावलंस, आणि शेवटी आईला. 'रखमाय, मांडवात ये.' हे आधी कुणाच्या लग्नात तू म्हटलं असणं शक्य नाही. आई जिवंत असताना माझा मांडव झाला नाही आणि आता आई पूर्वजांत जमा आहे, म्हणून तिला बोलावणं लागलं.

आईचा नेम आठवतो ना? शेवटचा धवला संपला, की मांडवात कुणी आवाज करायचा नाही. नवरीने धवलारणीकडे बघून 'पोचलं' म्हणायचं. तोवर ती चटईवरून उठत नाही आणि घोटभर पाणीसुद्धा घेत नाही. माटुंग्याच्या त्या लग्नात नवरी चक्कर येऊन पडली तेव्हा आई दोन तास तशीच बसून होती. आपण दोघी तिच्या मागे, तुला हसू येत होतं आणि मला लाज.

तू थांबलीस. डोळे उघडलेस आणि माझ्याकडे बघितलंस. माझ्यावर वळवलेले डोळे तू काढले नाहीस. सुमितने झाकण उघडून बाटली तुझ्यापुढे धरली होती, ती तू घेतली नाहीस.

मागून कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनी.

मी पण वाजवल्या.

हे लिहायला मला सहा दिवस लागले. त्या तक्रारीच्या दोन पानांत हे कुठेही नाही. मी टाळ्या वाजवल्या, बाय. शब्द तोंडात होता. अठरा माणसांसमोर एक शब्द म्हणायचा होता, तोही कुणाला कळला नसता. पण हात आधी उठले. शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजवायला शिकवल्या होत्या तशा, आवाज जास्त न करता, बोटांनी. तू बघत राहिलीस. मग सुमित म्हणाला, चला, मिसळ तयार आहे, आणि आम्ही ओळीने बाहेर पडलो. कोपऱ्यावर वळून मी पाहिलं तेव्हा तू चटईवरच होतीस. बाटली पुढे होती, भरलेली.

घरी आल्यावर टोपी फेकून दिली. स्टिकर मात्र पंजाबी ड्रेसवर राहिलं, ते धुण्यात विरघळलं आणि सगळ्या कपड्यांना कागदाचे तुकडे लागले. समृद्धी म्हणाली, आई, काय हे. मी तिच्यावर उगाच ओरडले.

शुक्रवारी मी आले होते. तुला कुणी सांगितलं नसणार, कारण सांगण्यासारखं मी काही ठेवलं नाही. रिक्षाने स्टेशनपर्यंत आले आणि तिथून चालत. सोबत हिरव्या बांगड्या, खण, नारळ असं पिशवीत घेतलं होतं. दारात देवेश होता, बाइक पुसत. पोट सुटलंय त्याचं, अगदी बाबांसारखा उभा राहतो. मी त्याला ओळखलं. त्याने मला ओळखलं नाही, त्याचा दोष नाही, तो तेव्हा कॉलेजात होता आणि माझे केस तेव्हा काळे होते.

तो म्हणाला, "मॅडम, वॉकवाल्या का तुम्ही? आई आता नाय करत. सुमितला पण सांगितलंय मी."

मी विचारलं, का?

त्याने फडका झटकला. तो मोकळेपणाने बोलत होता, परक्याशी बोलतात तसा. म्हणाला, तो रविवारचा प्रोग्राम झाला ना, आईने चटई गुंडाळली आणि माळ्यावर टाकायला लावली. एक रायला होता, तो झाला, आता नाय, एवढंच बोलली. संध्याकाळपर्यंत पाणीपण नाही घेतलं, आम्ही घाबरलो. मग ऋतिका येऊन कोपरला घेऊन गेली. आता तिच्याकडेच आहे. गात नाही, विशेष बोलतपण नाही.

मग त्याने विचारलं, "काही निरोप देऊ का? नाव काय सांगू?"

तेव्हा मी काय म्हटलं असेन? तू मला चांगली ओळखतेस. मी म्हटलं, "सांगा, कार्यक्रम फार छान झाला."

पिशवी घेऊन परत आले. नारळ सोसायटीच्या वॉचमनला दिला. बांगड्या आणि खण कपाटात आहेत.

दोन दिवस दुपारी घरात कुणी नसताना मी पहिली ओळ आठवून बघते आहे. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून. मला वाटलं होतं, तू ती सोडलीस म्हणजे ती माझ्यासाठी ठेवलीस, मी ती म्हणायची आणि मग गाणं पुरं होईल. पण मला ती येत नाही. चाल येते. तोंड उघडते आणि त्या चालीवर शाळेतली सकाळची प्रार्थना येते, इंग्रजीतली, शब्दन् शब्द. बारा वर्षांची असेपर्यंत मला आईचे सगळे धवले यायचे, तू अडलीस की मी सांगायचे. आता बावीस मजले खाली घोडबंदर रोडवर गाड्या तुंबलेल्या दिसतात आणि मी एक ओळ शोधत उभी असते. ती तुझ्याशिवाय कुणालाही येत नाही, आणि तुझी चटई माळ्यावर आहे. ऋतिकाला तू शिकवलं नाहीस हे मला माहीत आहे. मला लाज वाटली तशी तिला वाटू नये म्हणून शिकवलं नसशील. हेही माझ्याच खात्यात.

तुझ्यावर खेळ केल्याचा आरोप केला, तो मागे घेते. खेळ बघायला आले होते ती मी.

कोपर इथून फार तर दीड तास. ऋतुराज रविवारी सोडेल, विचारणारही नाही कुणाकडे म्हणून. मी येणार नाही. तू चटईवरून उठलीस, तेव्हाच शब्दाची वेळ गेली. ती पुन्हा आणायची तर पुन्हा तूच गायला हवं, आणि तेवढं तुझ्याकडे मागायचं तोंड मला नाही. नेमाच्या आड लपते आहे असं म्हणशील तर म्हण. तुझ्या समोर येऊन बसले आणि तू पुन्हा मॅडम म्हणालीस, तर मी त्यालाही हो म्हणेन, याची मला खात्री आहे. इतक्या वर्षांत मी तेवढंच नीट शिकले.

ऋतिकाचा पत्ता मला माहीत नाही, म्हणून हे कोळीवाड्याच्या पत्त्यावरच टाकते. देवेशने फोडून वाचलं तर वाचू दे. त्याच्या मावशीचं अक्षर चांगलं आहे एवढं तरी त्याला कळेल.

नेम सांगताना तो शब्द वर आला, पण तुला उत्तर म्हणून मी तो इथे लिहीत नाही. कागदावर तो चालत नाही, आईने चालू दिला नसता, आणि मी आजवर तिला पुष्कळ गोष्टी चालवून घ्यायला लावल्या आहेत.

ऊन वाढतंय. तू पाणी पीत जा, बाय.

नाथाची धाकटी,
आवडा